लाल डब्यातली हाक

काळेवाडीत शिव्या देणारे भरपूर आहेत. रिक्षावाले देतात, पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभ्या असलेल्या बायका देतात आणि क्रिकेटचा सामना चालू असेल तर भजनी मंडळातलेही देतात. पण शिव्यांबद्दल दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा माणूस आमच्याकडे एकच, ज्योतीराम घोळवे. आणि कमाल अशी, की चोपन्न वर्षांच्या आयुष्यात या माणसाने स्वतः एकही शिवी दिलेली नाही. एकदा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर स्कूटरचा स्टँड आला. आम्ही सगळे कान टवकारून उभे राहिलो, की आता तरी काहीतरी ऐकायला मिळेल. ज्योतीराम कळवळून म्हणाले, "अरे, हे फारच झालं!"

बीड जिल्ह्यातल्या केजकडून हा माणूस शहाण्णव साली पत्र्याची पेटी घेऊन आला आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून चिकटला. ब्रेकचे सुटे भाग तपासायचे. हातात एक लोखंडी गेज. त्याचं एक टोक भागाच्या भोकात गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. दोन्ही जमलं तर पास, नाहीतर लाल डब्यात. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं आणि त्याचा अंमल इतका चढला, की मंडईत भेंडी घेतानाही ते प्रत्येक भेंडीकडे संशयाने बघत. कुसुमताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात, "मला बघायला आले तेव्हासुद्धा असंच बघत होते. मी म्हटलं, हा माणूस आता खिशातून पट्टी काढतो का काय!"

पुढे कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि ज्योतीरामांना हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. वर्षभर ते घरातच तपासणी करत बसले. पोळ्यांचा व्यास एकसारखा नाही असं एकदा म्हणाले, तेव्हा कुसुमताईंनीच त्यांना नोकरी शोधायला बाहेर काढलं.

नोकरी मिळाली ती 'आपली वेस' नावाच्या वेबसाइटवर. चिंचवडमध्ये टाइल्सच्या दुकानावर तिचं ऑफिस. काळेवाडी ते चाकण या आपल्या पट्ट्यातली माणसं तिथे खोल्यांच्या जाहिराती टाकतात, नोकऱ्या शोधतात, हरवलेल्या म्हशींचे फोटो लावतात आणि ज्याच्या त्याच्या गावाच्या पानावर गप्पा मारतात. गप्पा म्हटलं की शिव्या आल्या. वेबसाइटला चाळणी होती, पण ती फक्त इंग्रजी जाणत होती. कुणी चुकून 'डॅम' लिहिलं तर लाल पट्टी यायची आणि मराठीत कुणी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर चाळणी बिचारी मान डोलावत बसायची. एका मोठ्या बिल्डरच्या जाहिरातीखाली असाच उद्धार छापून आला आणि मालकांनी हुकूम काढला, चाळणीला मराठी शिकवा.

हे काम मिनल देशमाने या तिशीतल्या मॅनेजरबाईंकडे आलं. नागपूरची मुलगी, हुशार, मनाने चांगली. तिने ज्योतीरामांना मुलाखतीत विचारलं, "काका, तुम्हाला शिव्यांचा अनुभव किती?"

"ऐकण्याचा सव्वीस वर्षांचा," ज्योतीराम म्हणाले. "देण्याचा नाही. पण तपासणीचा आहे."

तिथेच त्यांची निवड झाली.

ज्योतीरामांनी लाल पुठ्ठ्याची एक वही घेतली आणि कामाला लागले. चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर बसले, डांगे चौकात ट्रॅफिक तुंबलं की मुद्दाम उतरून उभे राहिले. शब्द, अर्थ, कुठल्या भागातला, तीव्रता एक ते पाच, असे सुबक रकाने. चारशे बारा शब्द जमले. एकदा कुसुमताईंनी डब्याची पिशवी उघडली आणि वही हाती लागली. पहिलं पान वाचून त्यांनी वही नवऱ्यापुढे धरली.

"अहो, हे काय? या वयात?"

"ऑफिसचं आहे," ज्योतीराम म्हणाले.

"कुठल्या ऑफिसचं?"

हा प्रश्न रास्तच होता.

चाळणी सुरू झाली त्या दिवशी सकाळी आपला सगळा पट्टा मुका झाला. 'भाड्या' हा शब्द यादीत एकशे एकोणतिसावा होता. त्यामुळे 'खोली भाड्याने देणे आहे' अशा झाडून सगळ्या जाहिराती लाल डब्यात गेल्या. गांडूळ खत विकणारे दोन शेतकरी चारित्र्यहीन ठरले. भोसरीचं नाव हिंदी यादीतल्या एका शब्दाच्या इतकं जवळचं निघालं, की भोसरीत राहणाऱ्या, भोसरीत नोकरी करणाऱ्या आणि भोसरीला जाणारी बस विचारणाऱ्या यच्चयावत माणसांना 'कृपया सभ्य भाषा वापरा' असा निरोप गेला. ज्योतीराम चार दिवस अपवादांची यादी करत बसले. गांडूळ सोडा. भोसरी सोडा. भाड्याने सोडा, भाड्या धरा.

मग मिनलने ठरवलं की नुसत्या शब्दांवर भागणार नाही, बोलण्याचा सूरही कळला पाहिजे. बेंगळुरूच्या एका कंपनीचं यंत्र घेतलं. ते यंत्र मराठीचं आधी इंग्रजी करायचं आणि मग इंग्रजीत न्याय द्यायचं. त्याला इथल्या चालीरीती शिकवायला नियम हवे होते. तेव्हा ज्योतीरामांनी मीटिंगमध्ये हात वर केला.

"कारखान्यात आमच्या शॉपमध्ये एक नवीन इंजिनिअर जुन्या फिटरला म्हणाला, 'ए, तू बाजूला हो.' लाइन तीन तास बंद. एकही शिवी नव्हती हो त्यात. नुसतं ए-तू. भांडण शिवीनं नाही सुरू होत मॅडम, 'तू'नं सुरू होतं."

मिनलचे डोळे चमकले. त्यातून नियम क्रमांक सतरा झाला. मजकूर आधीच संशयित असेल आणि त्यात 'तू' म्हणून हुकूम सोडलेला असेल, तर एक गुण जास्त. शिवाय लाल पट्टीखाली एक हिरवं बटण आलं, 'सौम्य करा'. ते दाबलं की यंत्र तुमचा मजकूर धुऊन, इस्त्री करून, 'तू'चं 'तुम्ही' करून हातात देणार. मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना सामोसे दिले. ज्योतीरामांनी आपला सामोसा न खाता घरी आणला आणि कुसुमताईंना दाखवला. आयुष्यात त्यांनी तपासलेल्या लाखो भागांवर कुठेही त्यांचं नाव नव्हतं. नियम सतरा मात्र त्यांचा होता.

आता सोजराबाईंकडे यायला हवं.

थेरगावच्या जुन्या शेतकरी घरातली ही बाई. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, पण जीभ नांगराचीच राहिली. ज्योतीराम पत्र्याची पेटी घेऊन आले ते तिच्याच चाळीतल्या खोलीत. पहिल्याच सकाळी दारावर थाप पडली. "आरं ए मुडद्या! पानी गार झालं, का आता तुझा बा येनार हाय आंगूळ घालाया?" ज्योतीरामांनी घाबरून पेटी भरायला घेतली. शेजारच्या खोलीत जयसिंग नावाचा सांगलीकडचा वेल्डर राहायचा. तो हसून म्हणाला, "पेटी ठेव भावा. शिव्या दिल्या म्हणजे तू पसंत पडलास. म्हातारी ज्याला मानानं बोलते, त्यानं समजावं की आपली खोली गेली."

ज्योतीराम नऊ वर्षं त्या खोलीत राहिले. मुडद्या, तुझं मढं बशिवलं, डबा इसरलास. भाड्या, ताप हाय तर कामाला कशापाय जातूस. लग्न होऊन कुसुमताई आल्या तेव्हा त्यांनाही पहिल्या आठवड्यात एक खास, फक्त बायकांसाठी असलेली शिवी बहाल झाली आणि त्या घरच्या झाल्या. पुढे घोळव्यांनी काळेवाडीत स्वतःची जागा घेतली, तरी ऑफिसमधून येताना ज्योतीराम थेरगावात थांबून दोन शिव्या खाऊन यायचे. त्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

सोजराबाईंना एकच मुलगा, रोहिदास. चाकणला कंत्राटी कामगार होता. चार वर्षांपूर्वी मायलेकांचं काहीतरी बिनसलं आणि तो घर सोडून गेला. फोन नंबर बदलला. कुठे गेला, काय झालं, सोजराबाईंनी कुणाला सांगितलं नाही. ज्योतीरामांनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुला काय करायच्यात मुडद्या चांभारचौकशा? च्या पी."

गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी ज्योतीराम नेहमीप्रमाणे चाळणीत अडकलेल्या मजकुरांचा लाल डबा तपासत होते आणि सहज थेरगावच्या पानावर गेले. गावच्या जुन्या पाराच्या फोटोखाली रोहिदासने लिहिलं होतं:

"थेरगाव सोडून तीन वरीस झाली. आता देशच सोडतुया. कुवेतला काम लागलंय, शनवारी इमान हाय. आई बरी हाय का? मी फोन करनार न्हाई. तिनं जा म्हनलं, तर ये बी तिनंच म्हनलं पायजे. एक हाक मारली तिनं, तर तिकीट फाडून टाकतो."

ज्योतीरामांनी लगेच खाली लिहिलं, "रोहिदास, मी ज्योतीराम. मावशी तुझी वाट बघतेय. ये बाबा." दहा मिनिटांत उत्तर आलं, "जोतीकाका, तुमी नका सांगू. तिला म्हनू द्या."

ज्योतीरामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून थेरगाव गाठलं. सोजराबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. ज्योतीरामांनी मजकूर वाचून दाखवला. बाईंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "परत वाच." परत वाचला. "अजून एकदा वाच मुडद्या, गिळतूस काय अक्षरं?"

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी पदराने हात पुसले. "कुटं बोलायचं त्ये दाव."

त्यांच्या मोबाइलवर त्यांच्याच नावाचं खातं काढून दिलं. बोललेलं आपोआप लिहून घेणारं माइकचं चित्र दाखवलं. सोजराबाईंनी फोन तोंडाजवळ आणला आणि तीन वर्षांचं साठलेलं एका दमात ओतलं.

"आरं मुडद्या, कुटं उलथला व्हतास तीन वरीस? आं? मढं बशिवलं तुझ्या त्या इमानाचं! गुमान घरला ये, न्हाईतर तंगडं मोडून हातात दीन. भाकरी थापतीया. ये."

ज्योतीरामांनी पाठवा दाबलं.

लाल पट्टी आली. यंत्राने या मजकुराचं इंग्रजी केलं होतं आणि त्या इंग्रजीत सोजराबाई शांताराम बारणे, वय बहात्तर, या एका मृत इसमाला उद्देशून अवयव तोडण्याची धमकी देत होत्या. शिवाय विमानात मृतदेह बसवणार होत्या. शेवटच्या मुद्द्यापुढे 'हवाई वाहतुकीस धोका' असं लिहून तीव्रता पाच दिली होती. पाच ही तीव्रता ज्योतीरामांच्या वहीतल्या कुठल्याही शिवीला आजवर मिळाली नव्हती.

"काय म्हनतंय?" सोजराबाईंनी विचारलं.

"मावशी, जरा मऊ शब्दांत सांगा. इमानाचं काढा."

दुसऱ्यांदा इमान गेलं, पण मुडदा राहिला आणि तंगडं राहिलं. लाल पट्टी. तिसऱ्यांदा तंगडंही गेलं. नुसतं "आरं मुडद्या, घरला ये" एवढंच. तरी लाल. मुडद्याचे तीन गुण, तो ज्योतीरामांनी स्वतःच्या हाताने दिलेला भाव, आणि नियम सतराचा एक वरचा; चार भरले की लाल. या वेळी पट्टीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. पुढच्या उल्लंघनास खाते कायमचे बंद करण्यात येईल.

"मुडदा काढून टाका ना मावशी. 'रोहिदास, ये' एवढंच म्हणा."

"रोहिदास?" बाई बघतच राहिल्या. "त्याला मी नावानं कंदी हाक मारलीया? त्याला तरी कळंल का, कोन बोलतंय?"

ज्योतीरामांनी चिंचवडला फोन लावला. "मॅडम, एक भाग डेव्हिएशनखाली सोडायचाय." कारखान्यात असं असतं. भाग मापात बसत नाही, पण चालणार आहे हे इन्स्पेक्टरला कळतं, तेव्हा तो कागदावर सही करून जबाबदारी घेतो आणि भाग सोडतो. ज्योतीरामांनी आयुष्यात अशा फक्त सहा सह्या केल्या होत्या. सातवी करायला ते रस्त्यात उभे राहून तयार होते.

मिनलने सगळं ऐकून घेतलं.  "काका, माझ्या हातात असतं तर आत्ता सोडलं असतं. यादी मंगळवारशिवाय बदलत नाही. आणि सूर बेंगळुरूवाले बघतात. मी अर्जंट मेल टाकते."

"सही कुठं करायची ते सांगा."

"सहीची जागाच नाही हो काका त्यात."

बेंगळुरूहून उत्तर तत्काळ आलं. तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

शुक्रवारी दुपारी ज्योतीराम पुन्हा थेरगावात. विमानाला चोवीस तास राहिले होते. सोजराबाईंनी पिठाची परात पुढे ओढून ठेवली होती आणि पीठ कोरडंच होतं. रात्रभर त्या बहुधा झोपल्या नसाव्यात. "तूच काय त्ये लिव," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या मिशिनीला चाललं असं लिव. पन आज जाऊ दे त्याला माझं."

चौथी चूक परवडणार नव्हती. स्वतःच्या अक्कलहुशारीने लिहावं, तर कुठला शब्द अडकेल याचा भरवसा नाही, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्योतीरामांनी तो तिसरा मजकूर उघडला आणि खालचं हिरवं बटण दाबलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि लिहून दिलं:

"प्रिय रोहिदास, तुम्ही कृपया घरी यावे. तुमची आई."

ज्योतीरामांनी गेज लावलं. एकही शिवी नाही. अर्थ बरोबर. बोलावणं आहे. व्याकरण शुद्ध. गो. त्यांनी पाठवा दाबलं आणि मजकूर हिरव्या खुणेसह सुखरूप पोचला. "गेला!" ते जवळजवळ ओरडलेच. सोजराबाईंनी परातीत पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं.

उत्तर चार वाजता आलं.

"कळलं. अजून तुमीच म्हनतीया. सुखी रहा."

ज्योतीरामांनी ते वाचलं आणि त्यांना काही उमगेना. त्यांनी सोजराबाईंना आधी यंत्राने लिहिलेलं आणि मग रोहिदासचं उत्तर वाचून दाखवलं. बाईंचे पिठाचे हात परातीतच थांबले.

"तुमी लिवलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "तू त्याला तुमी म्हनलास?"

"मावशी, मशीननं…"

"त्या दिशी भांडान झालं. मी लई रागात व्हते. धा-बारा शिव्या घातल्या, त्यो हासत व्हता. मंग माझ्या जिभंला काय झालं कुनाला ठावं. म्हनले, 'तुमी जा आता.' तुमी म्हनले मी त्याला. माझ्या पोराला. तवा त्याचं त्वांड उतरलं. तवा त्यो गेला. शिव्यांनी न्हाई गेला."

वेल्डर जयसिंगने हेच सांगितलं होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, हसत हसत. ज्योतीरामांना ते आत्ता आठवलं.

त्यांनी धडपडत स्वतःचा फोन उचलला. "रोहिदास, ते तुम्ही मी लिहिलं, आईनं नाही, आई मुडद्या म्हणाली होती…" मुडद्यावर लाल पट्टी आली. तो शब्द खोडून त्यांनी पुन्हा पाठवलं. या वेळी पट्टी आली नाही. रोहिदासच्या नावाखाली नुसती एक करडी ओळ आली. हे खाते आता अस्तित्वात नाही.

शनिवारी विमान गेलं. मंगळवारी यादी बदलली. मिनलने शब्द पाळला होता. मुडद्या सुटला, मढं सुटलं, तंगडं मोडणं 'कौटुंबिक' या सदराखाली पास झालं आणि नियम सतरा काढून टाकला. बेंगळुरूहून अभिनंदनाचा मेल आला, की ग्रामीण मराठी समजणारी ही अशा प्रकारची पहिलीच चाळणी असावी. ज्योतीरामांना बक्षीस म्हणून एक मग मिळाला. तो त्यांनी कुसुमताईंना दाखवला नाही. टेबलाच्या खणात उलटा ठेवलाय.

सोजराबाईंच्या खात्यावरून आता हवं ते पाठवता येतं. ज्याला पाठवायचं, तो मात्र नाही. कुवेत मोठा देश नसेल, पण रोहिदासचा पत्ता कुणालाच सापडला नाही. ज्योतीरामांनी तिकडे माणसं पाठवणाऱ्या तीन एजंटांच्या ऑफिसचे उंबरे झिजवले. तिघांनीही त्यांना फार सभ्य भाषेत वाटेला लावलं.

अजूनही ऑफिसमधून येताना ज्योतीराम थेरगावला उतरतात. आम्ही काळेवाडीतली मंडळी त्यांना सांगून थकलो, की नका जाऊ, म्हातारीचा जीव कशाला जाळता आणि स्वतःचाही. ते ऐकत नाहीत. ओट्याशी जाऊन उभे राहतात. चप्पल मुद्दाम दारात आडवी काढतात. एकदा तर त्यांनी वाळत घातलेल्या मिरच्यांत पाय दिला, केवळ शिवी मिळावी म्हणून. सव्वीस वर्षं माप न चुकवलेला माणूस, एका शिवीसाठी मिरच्या तुडवत उभा!

सोजराबाई मिरच्या गोळा करतात, पदर सावरतात आणि मान वर न करता म्हणतात, "या जोतीराम. बसा. च्या घेता तुमी?"